रक्ताच्या अहवालाकडे कौल मागताना

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझे वडील ६६ वर्षांचे आहेत. आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले, सध्या भांडुपला राहतो. गिरणी बंद पडल्यावर बाबांनी पंचवीस वर्षे रिक्षा चालवली आणि त्याहून अधिक वर्षे विडी ओढली. दीड महिन्यापूर्वी त्यांना फुप्फुसाचा कर्करोग, अ‍ॅडिनोकार्सिनोमा, चौथी पायरी, असे निदान झाले. बायोप्सीच्या अहवालात ईजीएफआर आणि एएलके या जनुकांतले बदल निगेटिव्ह, पीडी-एल१ ३० टक्के, असे लिहिले आहे. डॉक्टरांनी केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दर तीन आठवड्यांनी द्यावे असे सुचवले आहे. त्याचा खर्च ऐकून आम्ही गप्पच झालो. गावची जमीन किंवा इथली खोली, दोन्हींपैकी काहीतरी काढावे लागेल. इतक्यात एका खासगी प्रयोगशाळेचा प्रतिनिधी भेटला. ५५,००० रुपयांत रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या मार्करांची तपासणी होते आणि औषध लागू पडेल की नाही ते आधीच कळते, असे तो म्हणाला. भाऊ म्हणतो, एकदा कौल घेऊन टाकू; उजवा आला तर खोली विकू, डावा आला तर निदान पैसे तरी वाचले. मला हे पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. मध्यंतरी बाबांना छातीत संसर्ग झाला होता. त्या वेळचा आणि त्यानंतरचा, असे सीबीसीचे, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचे, दोन अहवाल सोबत जोडले आहेत. पहिल्यात एनएलआर ८.२ आहे आणि प्रतिनिधीने त्याखाली लाल रेघ मारून ‘हे वाईट लक्षण आहे’ असे सांगितले. ही तपासणी करावी का? आणि ती ‘नाही’ म्हणाली तर उपचार सोडावेत का? बाबांना अजून आम्ही सगळे सांगितलेले नाही.
– एक वाचक, भांडुप

उत्तर : तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देऊन टाकतो आणि कारणांकडे नंतर वळतो. ही तपासणी आत्ता करू नये. आणि कोणाच्या आग्रहाने केलीच, तर तिच्या ‘नाही’वरून उपचार सोडू नयेत. मी बाबांना तपासलेले नाही, त्यामुळे औषधाचा अंतिम निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच राहील. पण माझा सगळा जन्म पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गेला असल्याने, रक्ताच्या अहवालावर किती भार टाकावा आणि कुठे थांबावे एवढे मी नक्की सांगू शकतो.

तुमच्या भावाला मी दोष देणार नाही. ‘लागू पडणार असेल तरच द्या’ हे त्याचे म्हणणे अगदी रास्त आहे आणि जगभरातले कर्करोगतज्ज्ञ गेली दहा-बारा वर्षे हाच प्रश्न सोडवायला बसले आहेत. ही औषधे मिळालेल्यांपैकी काही रुग्णांना वर्षानुवर्षे टिकणारा गुण येतो, बऱ्याच जणांना येत नाही, आणि काहींना औषधाचा त्रास तेवढा होतो. हे आधी ओळखता आले तर पैसा, वेळ आणि शरीर तिन्हींची बचत होईल. अडचण एवढीच आहे की प्रश्न खरा असला म्हणून त्याचे उत्तर आज ५५,००० रुपयांत विकत मिळते असे होत नाही.

आधी औषध काय करते ते थोडक्यात पाहू. आपल्या रक्तातल्या टी पेशी परक्या किंवा बिघडलेल्या पेशींना मारतात. त्या अति करू नयेत म्हणून शरीरानेच त्यांच्यावर ब्रेक बसवलेले आहेत आणि पीडी-१ हा त्यांतलाच एक. कर्करोगाच्या पेशी आपल्या अंगावर पीडी-एल१ नावाचे प्रथिन आणून तो ब्रेक दाबून धरतात. पेम्ब्रोलिझुमॅब पीडी-१ला चिकटते आणि ब्रेकवरचा हा पाय उचलते. या ब्रेकांच्या शोधाबद्दल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चे नोबेल मिळाले. म्हणजे हे औषध स्वतः गाठ मारत नाही. मारणाऱ्या पेशी रुग्णाच्या स्वतःच्या असाव्या लागतात. यावरूनच कल्पना पुढे आली की त्या पेशी रक्तातून फिरतात, तर रक्तातच त्यांची हजेरी का घेऊ नये? कल्पना उत्तम आहे. पण खरी झटापट गाठीच्या आत आणि तिच्या शेजारच्या लसिका ग्रंथींमध्ये चालते; रक्त हा त्या पेशींचा जाण्यायेण्याचा रस्ता आहे. दादरच्या पुलावर उभे राहून आज गर्दी जास्त आहे की कमी हे सांगता येते, पण त्या गर्दीतला कोण कुठे उतरून काय करणार आहे हे त्यावरून सांगायचे म्हटले तर माणूस पुष्कळदा चुकणार.

आता तुम्ही जोडलेले दोन अहवाल घेऊ, कारण माझे बरेचसे म्हणणे त्या दोन कागदांतच आहे. पहिल्या अहवालात पांढऱ्या पेशी १२,४०० आहेत, न्यूट्रोफिल ८२ टक्के आणि लिम्फोसाइट १० टक्के. ८२ला १०ने भागले की ८.२ येतात, हाच तो एनएलआर, म्हणजे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचे गुणोत्तर. त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही आणि वेगळे पैसेही लागत नाहीत. दोन-अडीचशे रुपयांच्या सीबीसीवरून घरी पेन्सिलीने काढता येतो. न्यूट्रोफिल हे सूज आणि जंतुसंसर्ग यांचे शिपाई, आणि टी पेशी या लिम्फोसाइटांत मोडतात. म्हणून गुणोत्तर वाढलेले असणे म्हणजे शरीरात दाह जास्त आणि लढणाऱ्या पेशी कमी, असा त्याचा ढोबळ अर्थ लावतात. इम्युनोथेरपी घेणाऱ्या ज्या रुग्णांत हा आकडा चार-पाचच्या वर असतो, त्यांची वाटचाल सरासरीने वाईट होते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. प्रतिनिधीने मारलेली लाल रेघ अगदीच हवेतली नव्हती.

पण त्याने तारीख पाहिली नाही. हा अहवाल संसर्गाच्या दिवसांतला आहे आणि अहवालाबरोबर आलेल्या औषधाच्या चिठ्ठीच्या फोटोत प्रतिजैविकासोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, ४० मिलिग्रॅम रोज, पाच दिवस, असे लिहिलेले आहे. स्टेरॉइड पोटात गेले की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट रक्तातून बाजूला जातात. हे काही तासांत घडते. त्याचा गाठीशी काही संबंध नसतो. वर संसर्ग. अशा दिवशी तुमच्या-माझ्या रक्तातही हे गुणोत्तर फुगलेले दिसेल. बारा दिवसांनंतरच्या दुसऱ्या अहवालात पांढऱ्या पेशी ८,६०० आहेत, न्यूट्रोफिल ६८ आणि लिम्फोसाइट २२. म्हणजे एनएलआर ३.१. तोच माणूस, तीच गाठ, आणि मधल्या काळात कर्करोगावर एकही औषध दिलेले नाही. पहिल्या कागदावर कौल मागितला असता तर डावा आला असता, दुसऱ्यावर मागितला असता तर बहुधा उजवा.

याच पेशींवर बेतलेला एक निर्देशांक फुप्फुसाच्या कर्करोगासाठी २०१८ मध्ये मांडला गेला. एलआयपीआय या नावाने तो ओळखला जातो. त्यात न्यूट्रोफिलांना उरलेल्या सगळ्या पांढऱ्या पेशींनी भागतात आणि जोडीला एलडीएच हे रक्तातले एन्झाइम पाहतात. भागाकार तीनच्या वर आणि एलडीएच प्रमाणाबाहेर, अशा दोन्ही गोष्टी असतील तर गट वाईट. एकच असेल तर मधला. एकही नसेल तर चांगला. बाबांच्या बाबतीत हा भागाकार पहिल्या दिवशी ४.६ येतो आणि दुसऱ्या दिवशी २.१. तीनची रेघ त्यांनी बारा दिवसांत ओलांडली, तीही फक्त खोकला बरा झाल्यामुळे.

आता मुद्द्याची गोष्ट सांगतो, आणि ती भावालाही वाचायला द्या. रक्तातले मार्कर दोन वेगळ्या प्रश्नांना उत्तर देऊ शकतात. पहिला प्रश्न : या रुग्णाचा आजार एकंदरीत कसा जाईल? दुसरा : अमुक औषध दिले तर, न देण्याच्या तुलनेत, या रुग्णाला फायदा होईल का? तुम्हाला हवे आहे ते दुसऱ्याचे उत्तर. प्रयोगशाळा विकते आहे ते, फार झाले तर, पहिल्याचे. या दोहोंची गल्लत इतकी सर्रास होते की जाणते लोकही तिच्यात सापडतात. एलआयपीआयचेच पाहा. इम्युनोथेरपी घेतलेल्यांत तो चांगला चालतो असे प्रथम दिसले, पण अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेतल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये अनेक चाचण्यांतले रुग्ण एकत्र करून पाहिले, तेव्हा केमो घेणाऱ्यांत आणि जनुकावर नेम धरणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांतही वाईट गटाची वाटचाल वाईटच निघाली. म्हणजे तो आकडा रुग्ण किती थकला आहे आणि आजार किती पसरला आहे हे सांगत होता. इम्युनोथेरपी द्यावी की देऊ नये याबद्दल तो मुकाच होता. इंटरल्यूकिन-८ या रक्तातल्या, दाहाशी निगडित प्रथिनाबद्दल २०२० मध्ये मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, तिथेही साधारण हीच गत झाली. त्याचे प्रमाण जास्त असलेल्यांचे इम्युनोथेरपीत वाईट होते खरे, पण दुसरे औषध घेणाऱ्यांतही त्यांचे फारसे बरे नव्हते. उपचार कोणताही असो, ज्याची प्रकृती खालावलेली त्याला तो कमी मानवतो, हे कळण्यासाठी ५५,००० रुपये मोजायला नकोत.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या त्या प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकात पेशींची जी यादी आहे तीत एक नाव खरोखर आस्थेने पाहण्यासारखे आहे : पीडी-१ आणि केआय-६७ ही दोन्ही चिन्हे असलेल्या सीडी८, म्हणजे मारेकरी, टी पेशी. केआय-६७ म्हणजे पेशी विभागत असल्याची खूण. अशा पेशी रक्तात वाढल्या तर ब्रेक सुटून सैन्य हलले असे समजायला जागा असते. फुप्फुसाच्या कर्करोगात २०१७ मध्ये यावर एक सुंदर काम झाले. ज्यांना औषधाचा फायदा झाला त्यांच्यापैकी बहुतेकांत या पेशींची लाट उपचार सुरू झाल्यापासून चार आठवड्यांच्या आत रक्तात दिसली. ज्यांचा आजार वाढला त्यांच्यात बहुतेकदा ती उशिरा आली किंवा आलीच नाही. मात्र हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. लाट दिसली ती औषध दिल्यानंतर. आधी घेतलेल्या एका नळीतून ती दिसणार नाही, कारण ती अजून उठलेलीच नसते. शिवाय त्या अभ्यासात रुग्ण होते २९. आणि या पेशी मोजायच्या त्या जिवंत मोजायच्या असतात. भांडुपला सकाळी घेतलेली नळी दुसऱ्या शहरातल्या यंत्रापर्यंत कधी आणि किती तापमानात पोहोचली यावर आकडा हलतो, आणि एका प्रयोगशाळेची ‘जास्त’ची रेघ दुसरीच्या रेघेशी जुळतेच असे नाही. माझ्या स्वतःच्या उमेदवारीच्या काळात शनिवारी आलेले नमुने सोमवारी यंत्रावर घातले जात आणि अहवालावर त्याची नोंदही नसे. आता शिस्त वाढली आहे, पण माझा संशय गेलेला नाही.

रक्तावरून अंदाज बांधण्याचे सर्वांत गंभीर काम माझ्या मते महागड्या मार्करांचे नाही, साध्या तपासण्यांचेच आहे. न्यूयॉर्कमधल्या मेमोरिअल स्लोन केटरिंग आणि माउंट सायनाय या संस्थांच्या संशोधकांनी २०२५च्या सुरुवातीला ‘स्कॉर्पिओ’ नावाची संगणकीय पद्धत प्रसिद्ध केली. सीबीसी, यकृत-मूत्रपिंडाच्या नेहमीच्या तपासण्या आणि रुग्णाची वैद्यकीय माहिती एवढ्यावरूनच ती अंदाज देते, आणि तिच्यामागे २१ प्रकारच्या कर्करोगांचे ९,७४५ रुग्ण आहेत. अशा पद्धतीची परीक्षा घेण्याचे एक माप असते, त्यात ०.५ म्हणजे नाणेफेक आणि १ म्हणजे एकही चूक नाही. रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज बांधण्यात ‘स्कॉर्पिओ’ला साधारण ०.७६ मिळाले, तर गाठीतल्या जनुकीय बदलांची संख्या मोजणाऱ्या तपासणीला जेमतेम ०.५च्या आसपास. चांगली प्रगती आहे. तरीही ०.७६चा अर्थ असा की, एक जास्त जगलेला आणि एक कमी जगलेला अशा रुग्णांच्या शंभर जोड्या समोर ठेवल्या तर साधारण चोवीस जोड्यांत क्रम उलटा लागेल. आणि हेही पाहा की अंदाज प्रामुख्याने आयुष्याचा आहे, म्हणजे वर सांगितलेल्या पहिल्या प्रश्नाच्याच जवळचा. आपल्याकडे क्षयरोग, मधुमेह, कुपोषण यांनी रक्ताचे आकडे आधीच हललेले असतात, तेव्हा इथल्या रुग्णांवर पडताळून घेतल्याशिवाय ती पद्धत मी परळच्या किंवा शीवच्या ओपीडीत वापरायला देणार नाही.

समजा, तरीही प्रयोगशाळेची तपासणी बरी आहे असे धरून चालू. शंभर रुग्णांचा एक हिशेब मांडतो; आकडे माझे, समजण्यापुरते कल्पिलेले आहेत. शंभरांतल्या तीस जणांना औषधाचा फायदा होणार आहे. तपासणी त्या तिसांपैकी चोवीस जणांना बरोबर ओळखते आणि सहा जणांना चुकून ‘नाही’ म्हणते. उरलेल्या सत्तरांपैकी एकोणपन्नास जणांना ती बरोबर ‘नाही’ म्हणते आणि एकवीस जणांना चुकून ‘हो’. म्हणजे ‘हो’चा कागद हातात घेऊन पंचेचाळीस कुटुंबे निघतील, आणि त्यांतल्या निम्म्याहून थोड्याच अधिक जणांना फायदा होईल. खोली विकणाऱ्याला हा दिलासा फार मोठा नाही. ‘नाही’चा कागद घेऊन पंचावन्न कुटुंबे निघतील आणि त्यांतले सहा रुग्ण असे असतील की औषध मिळाले असते तर त्यांना गुण आला असता. त्या सहांत बाबा आहेत की नाहीत हे कळायला नंतर कोणताच मार्ग उरणार नाही, आणि ही टोचणी तुम्हा दोघा भावंडांना जन्मभर पुरेल. गावी कौल घेताना गुरवाने देवाला लावलेल्या कळ्यांवर आपण निर्णय सोपवतो तेव्हा निदान दोष देवाकडे जातो.

याउलट तुमच्या हातात आधीपासून जे आहे त्याची किंमत कमी लेखू नका. बायोप्सीच्या तुकड्यावर ईजीएफआर आणि एएलके तपासले गेले, हे सर्वांत महत्त्वाचे काम झाले. हे बदल असते तर आधी गोळ्यांचा उपचार आला असता. अशा रुग्णांत इम्युनोथेरपीचा उपयोग कमी होतो, आणि ती आधी दिल्याने नंतरच्या काही गोळ्यांनी फुप्फुसाला सूज येण्याचा धोका वाढतो. आरओएस१ आणि इतर बदलांचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. ते तपासले का, हे विचारून घ्या. पीडी-एल१ ३० टक्के, म्हणजे कर्करोगाच्या शंभरातल्या तीस पेशींवर हे प्रथिन, हा मधला आकडा आहे. ५० किंवा त्याहून अधिक असता तर फक्त इम्युनोथेरपी देण्याचा विचार झाला असता. मधल्या गटात केमोची जोड देतात, आणि तुमच्या डॉक्टरांनी नेमके तेच सुचवले आहे. या जोडउपचाराची मोठी चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली : वर्षभरानंतर हयात असण्याचे प्रमाण जोडउपचारात ६९.२ टक्के होते आणि फक्त केमोत ४९.४ टक्के. पीडी-एल१ कमी असलेल्या, अगदी एक टक्क्याखालच्या गटातही फायदा दिसला. बाबांसारख्या रुग्णासाठी हा पुरावा आहे. त्याला बाजूला सारण्याइतके वजन रक्ताच्या कोणत्याही मार्करात आज नाही.

एक गैरसमज आत्ताच दूर करतो, कारण प्रतिनिधी लोक दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगतात. ‘लिक्विड बायोप्सी’ नावाची जी रक्ततपासणी असते ती प्रतिकारशक्तीची नसते. गाठीतून रक्तात सुटलेल्या डीएनएचे धागे तीत शोधतात. बायोप्सीचा तुकडा अपुरा पडला आणि ईजीएफआरसारखे बदल पाहायचे राहिले, तर ती खरोखर उपयोगी असते. उपचार सुरू झाल्यावर हे धागे घटतात की वाढतात यावरून औषधाचा असर स्कॅनच्या आधी ताडता येतो, असेही अभ्यासांत दिसले आहे. डॉक्टरांनी स्वतः ती सांगितली तर ‘आम्हाला रक्ताची तपासणी नको’ म्हणून तिला नाकारू नका.

पैसे रक्तावर खर्च करायचेच असतील तर ते कुठे करावेत, हे सांगतो. ब्रेक सुटलेल्या टी पेशी कधी कधी आपल्याच अवयवांवर चाल करतात. म्हणून औषध सुरू करण्याआधी थायरॉइड, साखर, यकृत, क्रिएटिनिन आणि बऱ्याच ठिकाणी कॉर्टिसोल हे संप्रेरक तपासून ठेवतात. पुढे टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, बिघडला तर तो आधीपासून तसाच होता की औषधाने झाला हे मग कळते. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही तपासलेले असावेत. क्षयरोग पूर्वी झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. पंचवीस वर्षे रिक्षा चालवलेल्या माणसाच्या छातीत जुना डाग निघणे मुंबईत काही नवलाचे नाही. या सगळ्याला मिळून त्या ५५,०००चा छोटासा भागच लागेल.

मग औषध चालते आहे की नाही हे कळणार कसे? देऊन पाहूनच, आणि ठरवलेल्या दिवशी स्कॅन करून. पहिला स्कॅन साधारण सहा ते नऊ आठवड्यांनी होतो. तोपर्यंत दोन-तीन डोस झालेले असतील. म्हणून डॉक्टरांना आत्ताच विचारा : किती डोसांनंतर पाहायचे, आणि काय दिसले तर थांबायचे? हे आधी ठरले की खोली एकदम विकण्याऐवजी पहिल्या तीन डोसांपुरता पैसा उभा करायचा, असा सोपा प्रश्न भावासमोर उरतो. क्वचित असेही होते की पेशींची गर्दी आत शिरल्यामुळे गाठ आधी मोठी दिसते आणि मग आटते. रुग्ण बरा दिसत असेल तर डॉक्टर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करतात. पण हे क्वचित घडते. वाढलेल्या प्रत्येक गाठीला हे स्पष्टीकरण लावून आशा ताणू नये. मधल्या काळात नवा खोकला, धाप किंवा दिवसातून चार-पाच वेळा जुलाब सुरू झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कळवायचे.

खर्चाबद्दल संकोच न करता बोला. औषध कंपन्यांचे रुग्णसाहाय्य कार्यक्रम असतात. काही डोसांनंतरचे पुढचे डोस त्यांतून मिळू शकतात. रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात बसून त्याची आणि मुख्यमंत्री साहाय्यता निधीची चौकशी करा. कमी मात्रेचा प्रश्नही विचारता येईल. परळच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात डोके आणि मान यांच्या पुढे गेलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, तोंडी औषधांच्या जोडीला निवोलुमॅब या पीडी-१चाच ब्रेक सोडवणाऱ्या औषधाची फक्त २० मिलिग्रॅमची मात्रा दर तीन आठवड्यांनी दिली गेली. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. एका वर्षानंतर हयात असण्याचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. तो कर्करोग वेगळा होता आणि औषधही वेगळे, त्यामुळे हाच आकडा बाबांना लावता येणार नाही. पण ‘आमच्या बाबतीत मात्रेचा काही विचार होऊ शकतो का’ असे विचारायला तो पुरेसा आधार आहे. दुसरे मत हवे असेल तर बायोप्सीच्या स्लाइडी आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या आणि सोबत न्या. तो तुमचा हक्क आहे, आणि नुसत्या अहवालाच्या झेरॉक्सवर दुसरे मत अर्धवटच मिळते.

प्रतिनिधी पुन्हा आला तर त्याला एवढेच विचारा की ‘नाही’ असा अहवाल आलेल्या रुग्णांना औषध दिले आणि दिले नाही, अशी तुलना करून तुमची तपासणी कुठे पारखली आहे, ती बाबांच्याच प्रकारच्या कर्करोगात आणि केमोच्या जोडीने दिलेल्या उपचारात पारखली आहे का, आणि हा अहवाल पाहून निर्णय बदलायला आमचे डॉक्टर तयार आहेत का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला विचारण्याआधी डॉक्टरांकडूनच घेतलेले बरे. जो कागद पाहूनही उपचार तोच राहणार, तो कागद घेऊन काय करायचे? हीच तपासणी एखाद्या मान्यताप्राप्त रुग्णालयात, नैतिक समितीने संमत केलेल्या संशोधनाचा भाग म्हणून, मोफत होत असेल आणि बाबांची तयारी असेल, तर मात्र खुशाल रक्त द्या. पुढच्या रुग्णांना नेमके उत्तर मिळायचे असेल तर ते अशाच नळ्यांतून मिळेल.

बाबांची तयारी म्हटले, त्यावरून आठवले. तुम्ही दोघे खोली विकण्याचा विचार करता आहात आणि खोली बहुधा त्यांच्याच नावावर असेल. सगळे आकडे सांगायला नकोत, पण आजार काय आहे, औषध काय आहे, त्याने काय होऊ शकते आणि किती लागते, हे त्यांना डॉक्टरांच्या समोर बसवून सांगा आणि त्यांना काय हवे ते त्यांच्या तोंडून ऐका. रिक्षावाल्याला मीटर न दाखवता लांबचा फेरा घडवणे बरे नव्हे.

पुढच्या तारखेला जाताना सीबीसीचे दोन्ही अहवाल फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा आणि प्रेडनिसोलोनची स्ट्रिप, रिकामी असली तरी, सोबत न्या. रोज दहा मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त स्टेरॉइड चालू असताना इम्युनोथेरपी सुरू झालेल्यांना फायदा कमी झाल्याचे दिसले आहे, म्हणून गोळ्या नेमक्या कधी थांबल्या हे डॉक्टरांना कळायला हवे. अजून चालू असतील तर मनाने बंद करू नका. पेमेट्रेक्सेड हे केमोचे औषध ठरले तर त्याच्या आदल्या दिवसापासून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. त्या दोन-तीन दिवसांत काढलेल्या सीबीसीत एनएलआर पुन्हा वाढलेला दिसेल, तेव्हा त्या कागदावर कोणी लाल रेघ मारली तर घाबरू नका.